विषाणूची लागण झाल्यावर झाडाच्या जनुकांचे काम कोण बदलते?

मुलुंडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न असा आहे: त्यांच्या गच्चीवरच्या भेंडीला हळद्या रोग झाला, पानांच्या शिरा आधी पिवळ्याधमक दिसू लागल्या आणि पुढे सगळे पानच फिकट पडले. वनस्पतीला पांढऱ्या पेशी नसतात, प्रतिपिंडे नसतात, तरीही ती विषाणूला जनुकांच्या पातळीवर उत्तर देते असे त्यांच्या वाचनात आले. तर लागण झाल्यावर तिच्या जनुकांत नेमके काय बदलते, पिवळेपणा हा प्रतिकाराचा भाग समजायचा की आजाराचा, आणि हे सारे प्रयोगशाळेत पाहता येते का, असे त्यांनी विचारले आहे. वनस्पती-विषाणूंवर मी मुंबईत अनेक वर्षे काम करतो आहे. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे सोपे उत्तर चटकन देता येते आणि ते बहुतेक वेळा अपुरे असते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. लागण झाल्यावर झाडाच्या जनुकांचा अनुक्रम बदलत नाही. बदलते ते कोणत्या जनुकावरून किती संदेशवाहक आरएनए तयार होतो, तो किती काळ टिकतो आणि त्यापासून किती प्रथिन बनते, याचे प्रमाण. या प्रमाणालाच आपण जनुकीय अभिव्यक्ती म्हणतो. कोबीवर्गीय पिकांची पाने मुरडणाऱ्या एका जेमिनीव्हायरसची (जनुके डीएनएवर असलेल्या वनस्पती-विषाणूंच्या एका कुळातला विषाणू) लागण अरॅबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीला करून २००८ साली जे मोजमाप प्रसिद्ध झाले, त्यात लागणीनंतर बाराव्या दिवशी पाच हजारांहून अधिक जनुकांची अभिव्यक्ती बदललेली आढळली. या वनस्पतीत प्रथिने बनवणारी जनुके सुमारे सत्तावीस हजार आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे उलथापालथ केवढी असते ते कळते. मात्र एवढ्या मोठ्या यादीतला प्रत्येक बदल झाडाने विषाणूविरुद्ध केलेला असतो, असे समजणे हीच या विषयातली सर्वांत सामान्य चूक आहे. काही बदल झाड स्वतःच्या बचावासाठी करते, काही विषाणू आपल्या सोयीसाठी घडवून आणतो आणि उरलेले आजारपणाच्या ओघात आपोआप होतात. म्हणून यादीतले कोणतेही जनुक वर गेलेले वा खाली आलेले दिसले की ते कोणी बदलले, हा प्रश्न आधी विचारावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो.

झाडाच्या बाजूने सुरुवात करू. वनस्पतींचा विषाणूंविरुद्धचा सर्वांत मूलभूत बचाव म्हणजे आरएनए सायलेन्सिंग. बहुतेक वनस्पती-विषाणूंचा आरएनए त्यांच्या वाढीच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर दुपदरी होतो, आणि निरोगी पेशीत लांब दुपदरी आरएनए फारसा नसल्यामुळे पेशीला तो परका म्हणून ओळखता येतो. डायसर गटातली एन्झाइमे त्याचे बारीक तुकडे करतात. त्यांतले डीसीएल४ हे २१ न्यूक्लिओटाइड (आरएनए-डीएनएच्या साखळीतला एकेक दुवा) लांबीचे तुकडे करते आणि ते निकामी झाले तर डीसीएल२ हे २२ न्यूक्लिओटाइडचे तुकडे करून त्याची जागा घेते. हे तुकडे आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतात, आणि त्यांच्याशी जुळणारा अनुक्रम जिथे सापडेल तिथे आर्गोनॉट विषाणूचा आरएनए कापून टाकते. वनस्पतीची आरडीआर१ व आरडीआर६ ही एन्झाइमे कापलेल्या तुकड्यांपासून पुन्हा दुपदरी आरएनए तयार करतात, त्यामुळे एकदा सुरू झालेला बचाव बळावत जातो, आणि हे बारीक तुकडे रसवाहिनीतून वरच्या पानांपर्यंत पोहोचून तिथल्या पेशींना विषाणू येण्याआधीच सावध करतात.

तंबाखूच्या झाडाची खालची पाने विषाणूने ग्रासलेली असताना वर येणारी नवी पाने निरोगी दिसतात आणि त्या पानांना त्याच विषाणूची पुन्हा लागण होत नाही, हे निरीक्षण १९२८ सालचे आहे. त्याचे कारण कळायला मात्र पुढची सात दशके जावी लागली. १९९९ साली ब्रिटनमध्ये हॅमिल्टन आणि बॉलकोम्ब यांनी वनस्पतींत हे बारीक आरएनए प्रत्यक्ष दाखवले, तेव्हा ते कोडे उलगडू लागले. लागणीतून सावरलेल्या अशा झाडांबद्दल मला आजही फार कुतूहल वाटते, कारण त्या पानांत विषाणू पुरता नाहीसा झालेला असतोच असे नाही, पण त्याला डोके वर काढू दिले जात नाही.

भेंडीच्या बाबतीत एक वेगळेपण आहे. हळद्या घडवणारा विषाणू जेमिनीव्हायरसांपैकीच बेगोमोव्हायरस या गटातला असून त्याचा जीनोम आरएनएचा नसून वर्तुळाकार डीएनएचा, सुमारे २७०० न्यूक्लिओटाइडचा असतो. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. या रोगाची पहिली नोंद १९२४ साली तत्कालीन मुंबई इलाख्यातूनच झाली होती, आणि शंभर वर्षांनंतर आज रेल्वेरुळांकडेच्या मळ्यांत भेंडी लावणारे लोकही त्याला तितकेच वैतागलेले आहेत. डीएनए विषाणूच्या बाबतीत झाड आणखी एक उपाय योजते: २४ न्यूक्लिओटाइड लांबीच्या तुकड्यांच्या मार्गदर्शनाने ते विषाणूच्या डीएनएवर मिथाइल गट बसवते आणि त्याची जनुके मुळातच वाचली जाऊ नयेत अशी व्यवस्था करते. ज्या अरॅबिडॉप्सिस झाडांत ही मिथिलीकरणाची यंत्रणा निकामी केली होती, ती जेमिनीव्हायरसला अधिक तीव्रतेने बळी पडली, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. म्हणजे इथे झाड स्वतःच्या जनुकांपेक्षा शत्रूच्या जनुकांची अभिव्यक्ती बदलत असते.

आता विषाणूची बाजू पाहू. आजवर बारकाईने अभ्यासलेल्या बहुतेक सर्व वनस्पती-विषाणूंत सायलेन्सिंग दडपणारे एखादे तरी प्रथिन सापडते. टोम्बसव्हायरसचे पी१९ हे बारीक दुपदरी तुकडेच पकडून ठेवते, काकडी मोझॅक विषाणूचे २बी हे आर्गोनॉटच्या कामात अडथळा आणते, आणि पोलेरोव्हायरसचे पी० हे आर्गोनॉट नष्ट करवते. भेंडीच्या रोगात हे काम विषाणूच्या सी४ आणि त्याच्या सोबतच्या छोट्या उपग्रह-डीएनएच्या (त्याच्याविषयी पुढे येईल) बीटासी१ या प्रथिनांकडे असल्याचे आढळले आहे. हे सारे जनुकीय अभिव्यक्तीशी इतके जवळून जोडलेले असण्याचे कारण असे की झाड हीच यंत्रणा स्वतःची जनुके आवरण्यासाठीही वापरते. पानाचा आकार, फुलाची रचना, मुळांची वाढ यांचे नियंत्रण करणारी अनेक जनुके मायक्रोआरएनएंच्या, म्हणजे झाडाच्या स्वतःच्या बारीक नियामक आरएनएंच्या, ताब्यात असतात, आणि ते मायक्रोआरएनएही आर्गोनॉटमध्येच बसून काम करतात. विषाणूने आर्गोनॉटला अडवले की झाडाची ही आतली शिस्तही बिघडते. मुरडलेली, चिंचोळी किंवा दातेरी झालेली पाने पाहून आपण जे रोगलक्षण म्हणतो, त्यातला मोठा भाग या बिघाडातून आलेला असतो.

या झटापटीत झाड आणि विषाणू एकमेकांच्या चालींना प्रतिचाल कशी देतात, याचे एक उदाहरण मी नेहमी शिकवतो. आर्गोनॉट१ हे प्रथिन झाडात प्रमाणाबाहेर वाढू नये म्हणून मायक्रोआरएनए१६८ त्यावर अंकुश ठेवतो. अनेक विषाणूंच्या लागणीत हा मायक्रोआरएनए१६८ एकाएकी वाढतो, आर्गोनॉट१ चे संदेश वाढूनही त्याचे प्रथिन मात्र कमी होते, आणि ही वाढ विषाणूच्या दडपणाऱ्या प्रथिनामुळे होते असे दिसून आले आहे. इकडे आर्गोनॉट२ वर मायक्रोआरएनए४०३ चा अंकुश असतो आणि तो अंकुश चालण्यासाठी आर्गोनॉट१ लागते; त्यामुळे विषाणूने आर्गोनॉट१ ला जायबंदी करताच आर्गोनॉट२ आपोआप मोकळे होऊन दुसरी फळी उभी राहते. टोमॅटोसारख्या झाडांत मायक्रोआरएनए४८२ चे कुटुंब प्रतिकार-जनुकांच्या एका मोठ्या गटाला दाबून ठेवते, कारण ती जनुके सदा जागी राहिली तर झाडाच्या वाढीला बाधा येते. लागणीत सायलेन्सिंग कोलमडले की तो दाब उठतो आणि ती जनुके वर येतात. हे काम २०१२ साली प्रसिद्ध झाले. मोजमापाच्या तक्त्यात 'प्रतिकार-जनुके वाढली' एवढेच दिसते, परंतु ती वाढण्यामागे विषाणूचाच हात असतो आणि फायदा झाडाचा होतो. यादीतल्या आकड्यावरून हेतू ओळखता येत नाही असे मी म्हणतो, ते अशा प्रकरणांमुळे.

प्रतिकार-जनुकांचा दुसरा आणि जुना परिचित मार्ग म्हणजे विषाणूचे एखादे प्रथिन नेमके ओळखून त्या पेशीने स्वतःचा अंत ओढवून घेणे. निकोटिआना ग्लुटिनोसा या रानटी तंबाखूतील एन जनुक तंबाखू मोझॅक विषाणूला असेच ओळखते आणि साधारण दोन दिवसांत लागणीच्या जागी करड्या मृत ठिपक्यांत विषाणूला कोंडून टाकते. हे जनुक १९९४ साली वेगळे करण्यात आले. त्याची एक मर्यादा मुंबईत काम करणाऱ्याला फार लवकर कळते: तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर गेले की हा प्रतिकार चालत नाही आणि विषाणू सर्व झाडभर पसरतो. आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस दुपारी पारा त्याच्या वर असतो, म्हणून हे प्रात्यक्षिक उघड्या गच्चीत किंवा साध्या जाळीघरात दाखवता येत नाही. तापमान नियंत्रित केलेला कक्षच लागतो. आरएनए सायलेन्सिंगचे मात्र उलटे आहे. ते थंडीत, १५ अंशांच्या आसपास, मंदावते आणि उष्णतेत जोमाने चालते. त्यामुळे एकाच विषाणूच्या लागणीत कोणती जनुके वर जातील याचे उत्तर ऋतूवर अवलंबून राहते, आणि युरोपातल्या कक्षात २० अंशांवर केलेल्या प्रयोगाची यादी आपल्या मे महिन्यातल्या झाडाला जशीच्या तशी लावणे धोक्याचे ठरते.

ठिपका पडल्यानंतर उरलेले झाड सावध होते, त्यात सॅलिसिलिक आम्लाचा मोठा वाटा असतो. १९७९ साली इंग्लंडमध्ये व्हाइट यांनी तंबाखूच्या पानात ॲस्पिरिन टोचले, तेव्हा मोझॅक विषाणूचे ठिपके कमी झाले आणि पानात पीआर नावाची बचाव-प्रथिने दिसू लागली. पुढे या साखळीची कडी सापडली: सॅलिसिलिक आम्ल वाढले की पेशीद्रवात गुंतून पडलेल्या एनपीआर१ प्रथिनाचे सुटे घटक केंद्रकात जातात आणि तिथे टीजीए गटातल्या प्रथिनांसोबत पीआर जनुके चालू करतात. पीआर१ हे जनुक वाढले म्हणजे सॅलिसिलिक आम्लाचा मार्ग जागा झाला, एवढा निष्कर्ष काढता येतो; त्याच प्रथिनाने विषाणूला मारले असा अर्थ त्यातून निघत नाही. विषाणूला प्रत्यक्ष त्रास होण्याचे एक कारण वेगळेच आहे, ते म्हणजे सॅलिसिलिक आम्लामुळे वर उल्लेखिलेले आरडीआर१ देखील वाढते. हे वाचून कोणी आजारी भेंडीवर ॲस्पिरिनचे पाणी फवारू नये. शिरा पिवळ्या झालेले झाड त्याने बरे होत नाही.

विषाणू स्वतःच्या गरजेसाठी जी जनुके बदलतो, त्यांत पेशीविभाजनाची जनुके ठळक आहेत. जेमिनीव्हायरसकडे स्वतःचे डीएनए पॉलिमरेज नसते, आणि पानातली पूर्ण वाढलेली पेशी डीएनए बनवण्याचे काम केव्हाच थांबवून बसलेली असते. विषाणूचे रेप प्रथिन पेशीतल्या रेटिनोब्लास्टोमासदृश प्रथिनाला पकडते, त्यामुळे त्याने धरून ठेवलेली ई२एफ प्रथिने मोकळी होतात आणि डीएनए बनवण्याची जनुके पुन्हा सुरू होतात. मोजमापात ही वाढ 'वाढीची जनुके चालू झाली' अशी आशादायक दिसते. प्रत्यक्षात पेशी विषाणूसाठी राबत असते. हळद्याच्या विषाणूसोबत बीटासॅटेलाइट नावाचा, सुमारे १३५० न्यूक्लिओटाइडचा एक छोटा उपग्रह-डीएनए असतो. मदुराईच्या संशोधकांनी २००३ साली दाखवले की एकट्या विषाणूने भेंडीवर सौम्य लक्षणे येतात आणि हा उपग्रह सोबत असला तरच शिरा खऱ्या अर्थाने पिवळ्या होतात. टोमॅटोच्या एका चिनी बेगोमोव्हायरससोबतच्या उपग्रहाचे बीटासी१ प्रथिन मायसी२ या नियामक प्रथिनाला अडवून टर्पीन बनवणारी जनुके खाली आणते, असे २०१४ साली प्रसिद्ध झाले. टर्पीन ही पांढऱ्या माशीला नकोशी असणारी सुगंधी द्रव्ये. म्हणजे विषाणू झाडाच्या जनुकांत ढवळाढवळ करून आपले वाहन स्वतःकडे बोलावून घेतो.

झाड आपल्या एखाद्या कामाला मुद्दाम आवर घालून विषाणूला उपाशी ठेवते, याचेही सुंदर उदाहरण आहे. खोडाच्या अगदी टोकाशी असलेल्या विभाजी ऊतीत बहुधा विषाणू शिरत नाही, आणि याच आधारावर ऊतिसंवर्धनाने विषाणूमुक्त रोपे तयार करतात. २०२० साली काकडी मोझॅक विषाणूवरच्या कामातून कळले की तिथले वुशेल हे नियामक प्रथिन काही मिथाइलट्रान्सफरेज जनुकांना दाबते, त्यामुळे त्या पेशींत रायबोसोमची जडणघडण मंदावते आणि प्रथिने बनण्याचा वेग इतका कमी होतो की विषाणूला आपली संख्या वाढवता येत नाही.

आता पिवळेपणाकडे येतो. पिवळी पडलेली पाने मोजली की प्रकाशसंश्लेषणाची आणि हरितद्रव्य बनवण्याची जनुके खाली आलेली दिसतात, हे जवळजवळ सर्व विषाणूंत सारखे आहे. एका विषाणूच्या बाबतीत याचे कारण एका जनुकापर्यंत नेऊन सिद्ध झाले आहे. काकडी मोझॅक विषाणूसोबत वाय-सॅटेलाइट नावाचा छोटा आरएनए असला की तंबाखूची पाने झगझगीत पिवळी होतात. २०११ साली दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की या उपग्रहाचा २२ न्यूक्लिओटाइडचा एक भाग हरितद्रव्य बनवणाऱ्या सीएचएलआय जनुकाशी योगायोगाने जुळतो. झाडाची डायसर एन्झाइमे उपग्रहाचे तुकडे करतात, आणि तेच तुकडे आर्गोनॉटमध्ये बसून झाडाचा स्वतःचा सीएचएलआय संदेश कापून टाकतात. न जुळणारा सीएचएलआय अनुक्रम तंबाखूत घातला तेव्हा उपग्रह असूनही पाने हिरवी राहिली. इथे बचावाचे हत्यार, विषाणूचा उपग्रह आणि आजाराचे लक्षण एकमेकांत असे गुंतले आहेत की 'प्रतिकार की आजार' हा प्रश्न दोन कप्प्यांत बसत नाही. भेंडीत इतका नेमका दुवा सिद्ध झालेला नाही. बीटासी१ हे पिवळेपणाला लागते, आणि अनेक बेगोमोव्हायरस रसवाहिनीलगतच्या पेशींतच मुख्यतः राहतात म्हणून पिवळेपणा शिरेपासून सुरू होतो, इतके खात्रीने म्हणता येते. माझे मत विचाराल तर हळद्याचा पिवळेपणा बचावापेक्षा विषाणूच्या हस्तक्षेपाकडे अधिक झुकतो, कारण उपग्रह काढून घेतला की विषाणू हजर असूनही तो जवळपास नाहीसा होतो.

कोणी बदलले याच्याइतकाच कुठे आणि केव्हा हा प्रश्न मोलाचा आहे. वाटाण्याच्या दलांत एका पोटीव्हायरसची लागण पसरताना इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात पाहिले की, लागणीच्या पुढे सरकणाऱ्या कडेवरच्या काही पेशींतच झाडाचे अनेक संदेश नाहीसे होतात आणि उष्माघात-प्रथिन एचएसपी७० चे संदेश वाढतात; कडा पुढे सरकली की मागच्या पेशी पुन्हा पूर्ववत होतात. अख्खे पान वाटून आरएनए काढला तर त्यात अजून न लागलेल्या, लागण चालू असलेल्या आणि त्यातून गेलेल्या अशा सर्व पेशींची सरासरी येते, आणि हा सारा घटनाक्रम तिच्यात हरवतो. पाच वेगवेगळ्या आरएनए विषाणूंची लागण अरॅबिडॉप्सिसला करून २००३ साली जो अभ्यास झाला, त्यात उष्माघात-जनुके आणि बचाव-जनुके बहुतेकांत समान वाढलेली दिसली. त्यामुळे ही जनुके वाढणे हे एखाद्या विशिष्ट विषाणूचे ओळखचिन्ह मानता येत नाही.

प्रयोगशाळेत हे पाहता येते, परंतु नमुना घेण्यात काळजी हवी. भेंडीच्या पानात चिकट बुळबुळीत द्रव्य भरपूर असते आणि ते आरएनएसोबत खाली बसून पुढची एन्झाइमे बंद पाडते, म्हणून सीटॅब द्रावणाने आरएनए काढून लिथियम क्लोराइडने तो वेगळा करणे मला तयार किटपेक्षा भरवशाचे वाटते. तुलनेसाठीचे झाड नुसते निरोगी असून चालत नाही. पांढरी माशी रस शोषते तेव्हाही झाडाची सॅलिसिलिक व जॅस्मोनिक आम्लांची जनुके बदलतात, तेव्हा तुलनेच्या झाडावर विषाणू नसलेल्या माश्या तितकाच वेळ सोडाव्या लागतात. ॲग्रोबॅक्टेरियम या झाडात डीएनए पोहोचवणाऱ्या जिवाणूमार्फत विषाणू घातला असेल तर रिकाम्या प्लास्मिडचा, म्हणजे विषाणूचा डीएनए न भरलेल्या वाहक-वर्तुळाचा, ॲग्रोबॅक्टेरियम तुलनेसाठी हवा. प्रमाण ठरवताना ॲक्टिनसारखे 'न बदलणारे' जनुक आधार म्हणून घेतात. लागणीत तेही बदलू शकते, म्हणून दोन-तीन आधार-जनुके घेऊन त्यांची स्थिरता आधी तपासावी. आणि शक्य असेल तर संदेशवाहक आरएनएसोबत बारीक आरएनएही वाचून घ्यावेत, कारण विषाणूविरुद्धचा बचाव प्रत्यक्ष चालू आहे की नाही हे २१, २२ आणि २४ न्यूक्लिओटाइडच्या तुकड्यांच्या प्रमाणातून थेट दिसते.

बाईंच्या गच्चीवर आता जी झाडे पिवळी झाली आहेत, ती उपटून टाकण्यापूर्वी त्यांचा एक उपयोग करता येईल. विद्यार्थ्यांकडून एकाच झाडाची सर्वांत वरची अजून हिरवी पाने, त्याखालची फक्त शिरा पिवळ्या झालेली पाने आणि तळाची पूर्ण फिकट पाने वेगवेगळ्या पाकिटांत घ्यावीत, प्रत्येकावर तारीख, वेळ आणि त्या दिवसाचे कमाल तापमान लिहावे, आणि शेजारच्या निरोगी झाडाची त्याच क्रमांकाची पाने त्याच वेळी तोडावीत, कारण वयाने आणि दिवसाच्या प्रहरानेही जनुकांची अभिव्यक्ती बदलते. नमुने लगेच बर्फात घालून त्याच दिवशी उणे ८० अंशांच्या फ्रीजरपर्यंत पोहोचले पाहिजेत. मुंबईच्या उकाड्यात तासाभरातच आरएनएचे तुकडे होऊ लागतात, आणि तसे झाले की विषाणूने काय बदलले व उन्हाने काय, हे वेगळे करता येत नाही.